मिल कॉर्नर : गिरणीच्या भिंती आणि गिरणीची माणसे

काही वर्षांपूर्वी एम. ए.च्या वर्गात जयंत पवार यांचे ‘अधांतर’ शिकवत होतो. गिरणगाव, १९८२ चा संप आणि धुरी कुटुंबाची पडझड यांवर बोलून झाल्यावर मागच्या बाकावरच्या एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, आपल्याकडच्या मिल कॉर्नरची मिल कुठली?” वर्गातील निम्मी मुले रोज त्या चौकातून महाविद्यालयात येत होती. रिक्षावाल्याला नुसते ‘मिल कॉर्नर’ म्हटले की तो पुढचे काही विचारत नाही. पण त्या दोन शब्दांपैकी पहिला शब्द तेथे का आहे, हे वर्गात कोणालाच सांगता आले नाही. मलाही त्या दिवशी ‘एक कापडगिरणी होती’ यापलीकडे फारसे सांगता आले नाही, आणि त्याची लाज वाटली. मुंबईच्या गिरण्यांविषयी तासभर बोलणाऱ्या शिक्षकाला स्वतःच्या शहरातील गिरणीविषयी एक वाक्य पुरत होते.

प्रस्तुत लेखाचे मूळ त्या प्रश्नात आहे. मात्र विषय एका गिरणीपुरता मर्यादित नाही. जुन्या औद्योगिक वास्तूंचे पुढे काय होते, त्यांत नवी कार्यालये, दुकाने, उपाहारगृहे थाटली जातात तेव्हा नेमके काय जतन होते आणि काय नाहीसे होते, हा खरा प्रश्न आहे. वास्तुरक्षणाची चर्चा आपल्याकडे बहुधा भिंती, कमानी आणि धुराडी यांच्यापाशी थांबते. इतिहासाच्या आणि साहित्याच्या अभ्यासकाला मात्र तेथे थांबून चालणार नाही.

आधी आपल्या गिरणीविषयी. औरंगाबाद शहरात (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) सूत कातण्याची व कापड विणण्याची गिरणी १८८९ साली उभी राहिली. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या सरकारी गॅझेटियरमध्ये तिची नोंद आहे आणि तेथे सुमारे ७०० माणसे काम करीत असल्याचे म्हटले आहे. हे साल लक्षात घेण्याजोगे आहे. हैदराबाद–गोदावरी खोरे रेल्वे या भागात १९०० साली सुरू झाली. म्हणजे गिरणी आली ती आगगाडीच्या अकरा वर्षे आधी. तोवर रेल्वेने येणारा प्रवासी नांदगाव स्थानकावर उतरे आणि तेथून पुढे बैलगाडीने किंवा टांग्याने वेरूळ-औरंगाबाद गाठी. गिरणीची यंत्रेही अशाच कुठल्या तरी रस्त्याने, बैलांच्या खांद्यांवर भार टाकीत आली असणार. हिमरू, मशरू आणि किनखाब विणणाऱ्या हातमागांच्या या शहरात यंत्रावरचे कापड असे अवतरले.

रेल्वे आल्यावर चित्र झपाट्याने बदलले. औरंगाबाद आणि जालना या दोन तालुक्यांत मिळून सरकी काढण्याचे नऊ कारखाने व रुईच्या गाठी दाबण्याचे पाच कारखाने निघाले. १९०१ साली जिनिंग-प्रेसिंगच्या अशा कारखान्यांत १,०१६ माणसे काम करीत होती. मराठवाड्याचा औद्योगिक इतिहास आपण साधारणपणे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहतींपासून, चिकलठाणा-वाळूजपासून सुरू करतो. ती सवय किती अपुरी आहे, हे या आकड्यांवरून दिसते. या भागातील शेतमजूर आणि कारागीर निजामी राजवटीतच पाळीवर जाऊ लागला होता, भोंगा ऐकून उठू लागला होता.

पुढे ही गिरणी इतर अनेक गिरण्यांप्रमाणे आजारी पडली. केंद्र सरकारने १९७४ साली कायदा करून देशभरातील १०३ आजारी कापडगिरण्यांचे राष्ट्रीयीकरण केले. त्या कायद्याच्या परिशिष्टात ‘औरंगाबाद मिल्स लिमिटेड’ हे नाव आहे. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेल्यावर तिचे आयुष्य काही काळ लांबले, वाचले मात्र नाही. आज भोंगा नाही, पाळी नाही, गेटवरची गर्दी नाही. चौकाचे नाव तेवढे आहे. एका शतकाच्या कष्टाचा सार्वजनिक पुरावा म्हणून शहराने जे सांभाळले, ते म्हणजे रिक्षावाल्यांच्या तोंडचे दोन शब्द.

मुंबईत याच्या नेमके उलट घडले. तेथे अनेक गिरण्यांच्या भिंती राहिल्या, नावेही राहिली, पण आतले सगळे बदलले. लोअर परळला फिनिक्स मिलचे धुराडे आजही उभे आहे. ही गिरणी १९०५ सालची. त्या धुराड्याभोवती आता देशातील एक मोठा मॉल आहे. शेजारच्या कमला मिलच्या आवारात बँका, जाहिरात संस्था, प्रसारमाध्यमांची कार्यालये आणि उपाहारगृहे आली. मथुरादास, रघुवंशी अशी गिरण्यांची नावे आता कार्यालयांच्या आणि दुकानांच्या पत्त्यांत वाचायला मिळतात. वास्तूच्या पुनर्वापराचा हा महाराष्ट्रातील सर्वांत मोठा आणि सर्वांत बोलका प्रयोग होय. म्हणून मिल कॉर्नरच्या प्रश्नाचे उत्तर शोधताना मुंबईकडे वळणे भाग आहे.

गिरणीची इमारत नव्या कार्यालयांना इतकी सोयीची का वाटते, याचे उत्तर तिच्या रचनेत आहे. विणकामाचे माग जमिनीला हादरे देतात, म्हणून मागांची दालने बहुधा एकमजली. एकाच छताखाली शेकडो माग मावावेत म्हणून आत भिंती नाहीत, ठरावीक अंतरावर बिडाचे खांब तेवढे. छप्पर करवतीच्या दात्यांसारखे, प्रत्येक दात्याची उभी बाजू काचेची आणि उत्तरेकडे तोंड केलेली. आपल्या गोलार्धात उत्तरेकडून ऊन थेट येत नाही, प्रकाश मात्र दिवसभर सारखा मिळतो. तुटलेला धागा दिसावा म्हणून हा प्रकाश हवा होता. तोच आज संगणकाच्या पडद्यावर तिरीप येऊ न देणारा सौम्य प्रकाश ठरतो. यंत्रांच्या पट्ट्यांसाठी ठेवलेली उंची वातानुकूलनाच्या नळ्यांना उपयोगी पडते. मजबूत जमीन, रुंद दरवाजे, मालगाडीसाठी आखलेले आवार, सगळे जुळून येते. ज्या गरजेतून ही वास्तू घडली ती गरज संपली, तरी वास्तू निरुपयोगी झाली नाही. पुनर्वापराच्या बाजूने हा अत्यंत सबळ मुद्दा आहे, आणि तो मान्य केला पाहिजे.

परंतु मुंबईत हा पुनर्वापर केवळ सोयीने घडला नाही. त्यामागे कायद्याचे एक कलम आहे, आणि साहित्याच्या विद्यार्थ्यांनीही ते समजून घ्यावे असे मला वाटते.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली ताडदेवला पहिल्या कापडगिरणीची उभारणी सुरू केली. पुढील शंभर वर्षांत गिरण्या हाच मुंबईचा कणा झाला. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही. त्यानंतर गिरण्यांचे मोल कापडात उरले नाही, ते जमिनीत आले. मध्य मुंबईत ५८ गिरण्यांची मिळून सुमारे ६०० एकर जमीन होती. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने या जमिनीच्या वापरबदलाला वाट करून दिली. मोकळ्या होणाऱ्या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे करायचे होते. एक महापालिकेला बागा-मैदानांसाठी, एक ‘म्हाडा’ला परवडणाऱ्या घरांसाठी आणि एक मालकाला. यातून येणाऱ्या पैशाने गिरण्यांचे आधुनिकीकरण व्हावे, कामगारांची देणी फेडली जावीत, असा हेतू सांगितला गेला.

आता गोम पाहा. जुनी इमारत न पाडता तिच्या आतच कार्यालये वा दुकाने केली, तर त्या बांधकामाच्या जमिनीतून असा वाटा देण्याचे बंधन नव्हते. वास्तू राखणे हा अशा रीतीने जमीन न देण्याचाही मार्ग ठरला. १९९६ साली राज्य सरकारने चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्यांचा सुटासुटा विचार न करता सगळ्या जमिनीचा एकत्रित आराखडा करावा, अशी त्या समितीची दिशा होती. तसे झाले नाही. २००१ साली नियमच बदलला. वाटणी करायची ती केवळ आधीपासून रिकाम्या असलेल्या जमिनीची, इमारती पाडून मोकळ्या होणाऱ्या जमिनीची नव्हे, असा अर्थ लावण्यात आला. गिरणीच्या आवारात रिकामी जमीन ती कितीशी असणार? मुंबईतील पर्यावरणवादी संस्थेच्या याचिकेवर उच्च न्यायालयाने २००५ साली या बदलाविरुद्ध निकाल दिला. ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला आणि २००१ चा बदल कायम झाला. शहराला मिळू शकणारी मैदाने आणि कामगारांना मिळू शकणारी घरे यांचा हिशेब त्या दिवशी आटोपला. गिरणी कामगारांच्या घरांसाठी म्हाडाची पहिली मोठी सोडत निघाली ती २०१२ साली, म्हणजे संपानंतर तीस वर्षांनी. अर्जदार लाखाहून अधिक आणि घरे काही हजार, असे ते व्यस्त प्रमाण होते.

वास्तू वाचणे आणि माणसे बेदखल होणे या दोन गोष्टी परस्परविरोधी नसतात, हे यावरून ध्यानात यावे. एकाच नियमाच्या आधाराने त्या दोन्ही घडू शकतात.

कमला मिलचेच उदाहरण घेऊ. कवी नारायण सुर्वे यांची जीवनकथा मराठीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक आहे. रस्त्यावर सापडलेल्या तान्ह्या मुलाला गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने घरी नेले, आपले नाव दिले. त्यांची पत्नी काशीबाई कमला मिलमध्ये कामाला जात असत. ‘माझे विद्यापीठ’ लिहिणाऱ्या कवीच्या घरी चूल पेटत होती, तिच्यात कमला मिलच्या पगाराचाही वाटा होता. आज त्या आवारात हजारो तरुण कामाला येतात. काशीबाई सुर्वे यांचे नाव त्यांतल्या कितींना ठाऊक असेल? मराठी वाङ्मयाच्या इतिहासात या जागेला स्थान आहे, पण जागेच्या इतिहासात मराठी वाङ्मयाला नाही.

याच आवारात २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर गच्चीवरील उपाहारगृहांत आग लागली आणि १४ जणांचा जीव गेला. त्यानंतर बेकायदा बांधकामांची, परवान्यांची बरीच चर्चा झाली. माझ्या मते त्या चर्चेत एक गोष्ट राहून गेली. गिरणीत आगीचे भय नेहमीचेच असे, कारण हवेत रुईचे तंतू तरंगत असत. ठरावीक रचनेची, ठरावीक माणसांसाठी आखलेली इमारत नव्या कामाला लावताना तिच्या जुन्या शहाणपणाची चौकशी करावी लागते. जुन्या वास्तूचे ‘वातावरण’ तेवढे उचलून भागत नाही.

येथे एक आक्षेप संभवतो. गिरणी म्हणजे काही नंदनवन नव्हते. कोरड्या हवेत सूत तुटते म्हणून आत दमट उकाडा राखला जाई. यंत्रांच्या आवाजाने कान बधिर होत, रुईच्या धुळीने छाती भरून येई. अशा जागी आज उजेडात, गारव्यात बसून कोणी काम करीत असेल, तर त्यात वाईट ते काय? या आक्षेपात तथ्य आहे. गिरणीविषयी हळहळ बाळगणे हा या लेखाचा हेतू नाही. उलट, नव्या रंगरंगोटीत जे सर्वांत आधी पुसले जाते ते हे कष्टच असतात, हे मला सांगायचे आहे. उघड्या विटा, लोखंडी खांब, जुने धुराडे दर्शनी ठेवले जाते, कारण ते डोळ्यांना रुचते. उकाडा, धूळ आणि अपमान यांचे प्रदर्शन कोणी मांडत नाही.

अपमान हा शब्द मी विचारपूर्वक वापरतो. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्याची मजुरी इतर खात्यांपेक्षा चांगली होती. पण त्या खात्याची दारे अस्पृश्य मानलेल्या कामगारांना बंद होती. कारण धोट्यातील कांडी बदलताना धाग्याचे टोक तोंडाने ओढून घ्यावे लागे. एकाने ओठ लावलेला धोटा दुसऱ्याच्या हाती जाई आणि स्पृश्य कामगारांना तो विटाळ वाटे. १९२८ च्या संपाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर रोखठोक मांडला. भांडवलदाराविरुद्ध एकजुटीची भाषा बोलणाऱ्या संघटनेला स्वतःच्या खात्यातील भिंत दिसत नव्हती, ती त्यांनी दाखवून दिली. त्या दालनांत नकाशावर भिंती नव्हत्या, हे वर सांगितलेच आहे. तरी भिंत होती. मोकळ्याढाकळ्या दालनात आज बसणाऱ्याला ती कशी दिसावी?

बाबासाहेबांनी पुढे १९५० साली याच शहरात मिलिंद महाविद्यालय उभारले. ज्यांना माग चालवू दिला जात नव्हता त्या समाजातील मुलांना उच्चशिक्षणाचे दार मराठवाड्यात उघडले. दादरच्या इंदू मिलची जागा बाबासाहेबांच्या स्मारकासाठी मिळावी, याकरिता आंबेडकरी जनतेने दीर्घकाळ आंदोलन केले. २०१५ साली तेथे भूमिपूजन झाले. एखाद्या गिरणीच्या जागेवर आपला हक्क आहे असे लोकांनी ठणकावून सांगावे आणि तो मान्य व्हावा, असे हे दुर्मीळ उदाहरण होय. तेथे गिरणीची इमारत राहिली नाही, पण जागा लोकांची झाली. कमला मिलमध्ये इमारत राहिली आणि जागा लोकांची झाली नाही. दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी साधता येणार नाहीत का?

जगात असे प्रयत्न झालेले आहेत. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात लॉवेल नावाचे कापडगिरण्यांचे गाव आहे. आपल्याशी त्याचे जुने नाते आहे. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकी यादवी युद्धात दक्षिणेचा कापूस थांबला, लॉवेलसारख्या गावांतील चात्या थंडावल्या आणि त्याच वेळी मुंबईच्या कापूस-व्यापाऱ्यांकडे पैशाचा पूर आला. विसाव्या शतकात लॉवेलच्या गिरण्या बंद पडल्यावर १९७८ साली तेथे राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान स्थापन झाले. ‘बूट’ नावाच्या गिरणीच्या संकुलात घरे आणि कार्यालये आहेत. पण एका दालनात जुने माग आजही चालवून दाखवतात. कान झाकून घ्यावे लागतील असा तो आवाज मुद्दाम ऐकवला जातो. गिरणीत राबणाऱ्या मुलींनी लिहिलेली पत्रे आणि त्यांनी काढलेले मासिक यांचाही अभ्यास तेथे होतो. आपल्याकडे मुंबई महापालिकेने काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलच्या जागेत वस्त्रोद्योगाच्या संग्रहालयाची योजना हाती घेतली, ती याच दिशेची.

तथापि यासाठी लॉवेलपर्यंत जाण्याचीही गरज नाही. मिल कॉर्नरपासून जवळच, खाम नदीच्या काठी, पाणचक्की आहे.

पाणचक्कीकडे आपण पर्यटनस्थळ म्हणून पाहतो. पण ती मुळात एक गिरणी आहे, हे तिच्या नावातच आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबरने या शहराला नहरींच्या जाळ्याने पाणी दिले. पाणी खेळवण्याची तीच विद्या पुढे येथेही उपयोगात आली. काही कोसांवरच्या डोंगराळ भागातून मातीच्या नळांनी पाणी आणले आहे, ते उंच भिंतीवर चढवले आहे, आणि तेथून पडणाऱ्या पाण्याच्या जोरावर जाते फिरते. बाबा शाह मुसाफिर या सूफी संताच्या दर्ग्याच्या परिसरात, सतराव्या शतकाच्या अखेरीपासून अठराव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत, हे बांधकाम टप्प्याटप्प्याने झाले. चक्कीवर दळलेले पीठ यात्रेकरू आणि फकीर यांच्या मुखी जाई. परिसरात मशीद होती, मदरसा होता, सराई होती, कचेरी होती, ग्रंथसंग्रह होता. चक्कीतून सुटलेले पाणी वाया न जाता हौदात येई, आणि त्या हौदाच्या तळाखाली एक प्रशस्त दालन आहे. वरच्या पाण्यामुळे ते उन्हाळ्यातही थंड राहते.

आजच्या भाषेत सांगायचे तर पाणचक्की ही सुरुवातीपासूनच मिश्र वापराची वास्तू आहे. दळण, अध्ययन, निवास, उपासना आणि कारभार एका आवारात, एकाच पाण्यावर. आजही राज्य वक्फ मंडळाचे कार्यालय तेथेच आहे. जुनी औद्योगिक वास्तू आणि चालते कार्यालय असा जो संयोग आपण महानगरांत नवा म्हणून पाहतो, तो येथे रोजच्या सरावाचा आहे. जाते आता पोटासाठी फिरत नाही, पाहणाऱ्यांसाठी फिरते. पण ते काय करीत होते, कोणासाठी करीत होते, हे शाळेच्या सहलीला आलेल्या मुलालाही कळते. पाणी कोठून येते, कोठे पडते, काय फिरवते आणि शेवटी कोठे जाते, हे सगळे त्याला डोळ्यांनी पाहता येते. वास्तूचे काम उघड राहिले, म्हणून तिचा अर्थही टिकून राहिला.

मिल कॉर्नर, कमला मिल आणि पाणचक्की ही तीन ठिकाणे शेजारी-शेजारी ठेवली की फरक स्पष्ट होतो. पहिल्या ठिकाणी नाव उरले. दुसऱ्या ठिकाणी नाव आणि भिंती उरल्या. तिसऱ्या ठिकाणी नाव, भिंती, कामाची खूण आणि सर्वसामान्यांचा वावर असे चारही उरले.

हा फरक आपल्या शहराच्या दृष्टीने केवळ ऐतिहासिक नाही. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यावर रेल्वे स्थानक परिसर, चिकलठाणा आणि नंतर वाळूज येथे कारखाने आले. १९८५ साली वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. आता शेंद्रा-बिडकीनला ‘ऑरिक’ ही नवी औद्योगिक नगरी वसते आहे. तिच्या मध्यवर्ती इमारतीचे उद्घाटन २०१९ साली झाले. उद्योगाचे केंद्र असे पुढे सरकते तेव्हा मागच्या वसाहतींतील पत्र्याच्या शेड जुन्या होत जातात. उद्या त्यांतही कार्यालये, दालने, प्रयोगशाळा थाटल्या जातील, आणि ते योग्यच आहे. पण त्या शेडमध्ये आमच्या विद्यार्थ्यांच्या बापांनी आणि आयांनी आयुष्य घालवले आहे. पैठण, गंगापूर, कन्नडकडून आलेली पहिली पिढी तेथे कामगार झाली. शेड बदलण्यापूर्वी त्यांना कोणी काही विचारणार आहे का?

यासंदर्भात मराठी साहित्याकडे पाहिले तर एक गोष्ट जाणवते. मामा वरेरकरांनी आपल्या कादंबरीला ‘धावता धोटा’ हे नाव दिले. सुर्वे यांनी कामगाराला कवितेचा कर्ता केले. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी २००४ साली गिरणगावच्या माणसांच्या तोंडून त्यांचा इतिहास इंग्रजीत ग्रंथबद्ध केला. जयंत पवार यांना ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’ या कथासंग्रहासाठी २०१२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. परंतु ‘अधांतर’ घडते ते चाळीतील खोलीत. गिरणी रंगमंचावर येत नाही. ती दाराबाहेर असते आणि तरी घरातल्या प्रत्येकाचे आयुष्य ठरवते. आपल्या वाङ्मयाने चाळ, संप, घर आणि रस्ता टिपला. गिरणीचे आत मात्र मानाने कमी टिपले. आता चाळी पडत आहेत आणि गिरणीच्या दालनांत दुसरेच कोणी बसले आहे. साचेखाते, वायंडिंग, बदली कामगार, जॉबर, कांडी, धोटा, भोंगा हे शब्द आमच्या वर्गात तळटीप देऊन समजावावे लागतात.

मराठवाड्याच्या बाबतीत तर एवढेही झालेले नाही. १८८९ च्या गिरणीत रोज गेटमधून आत जाणाऱ्या ७०० माणसांपैकी कोणाचे शब्द आपल्यापाशी आहेत? गॅझेटियरने आकडा लिहिला आणि तो पुढे गेला. मराठी विभागांनी आता निदान पुढच्या पिढीच्या बाबतीत ही चूक टाळावी. चिकलठाण्याच्या किंवा वाळूजच्या शेडमध्ये तीस वर्षे घालवून निवृत्त झालेला माणूस प्रत्येक महाविद्यालयाच्या परिसरात आहे. यंत्राच्या भागांना तो काय म्हणत असे, रात्रपाळीला काय खात असे, पहिल्या पगाराचे काय केले, कोणाबरोबर बसून डबा खाता येत होता आणि कोणाबरोबर नाही, हे विचारून लिहून ठेवायला मोठा निधी लागत नाही. एम. ए.च्या प्रकल्पासाठी एवढे काम पुरेसे आहे, आणि कितीतरी उसन्या विषयांपेक्षा मोलाचे आहे.

आमच्या वर्गात त्या वर्षी ते सुरू झाले. प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थिनीने पहिली मुलाखत घेतली ती आपल्या आजोबांची. ते गिरणीत नव्हते, जिनिंगमध्ये हमाल होते. मुलाखतीच्या शेवटी त्यांनी नातीला विचारले होते, “हे लिहून कुणाला दाखवणार?” तिने वहीत त्यांचा प्रश्न जसाच्या तसा लिहिला आहे, आणि त्याखालची ओळ मोकळी ठेवली आहे.